छायाचित्रणाचे विद्यालयीन शिक्षण

धरणगावसारख्या तालुक्याच्या गावी लग्नसराईत मांडवाखाली कॅमेरा घेऊन उभा असलेला तरुण बहुधा एखाद्या स्टुडिओत उमेदवारी करून तयार झालेला असतो. आणि बारावीनंतर त्याच्या धाकट्या भावाने छायाचित्रणासाठी महाविद्यालयात जाण्याचा मनोदय प्रकट केला, तर जे हाताला सवयीने येते त्यासाठी चार वर्षे व फीचे पैसे कशाला खर्चावयाचे, हा घरातील वडीलधाऱ्यांचा सवाल सर्वस्वी गैरवाजवी म्हणता येत नाही.

त्याचे उत्तर शोधण्यास जिल्ह्याबाहेर जावयास नको. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकून विलायतेस गेलेले केकी मूस (१९१२–१९८९) यांनी शेफील्डच्या बेनेट कॉलेजात व्यावसायिक चित्रकलेचा जो अभ्यासक्रम पुरा केला, त्यात छायाचित्रणाचाही अंतर्भाव होता. आणि परतल्यावर, याच जिल्ह्यातील चाळीसगावच्या आपल्या घराचा उंबरठा क्वचितच ओलांडून, त्यांनी जवळजवळ अर्धशतक ‘टेबलटॉप’ छायाचित्रणाची जी साधना केली, तीत टेबलावर मांडलेल्या क्षुल्लक वस्तूंतून विस्तीर्ण निसर्गदृश्यांचा आभास उभा राहिला. समोर आहे ते टिपणे हे उमेदवारीने साधते. समोर नाही ते प्रकाश, अंतर व कोन यांच्या हिशेबाने निर्माण करणे, यास मात्र चित्रकलेचा पाया लागतो, आणि विद्यालयीन शिक्षणाचे खरे प्रयोजन माझ्या मते तेवढेच आहे. (अर्थात घराबाहेर न पडण्याचे मूस यांचे व्रत वधूवरांच्या मागे धावणाऱ्यास परवडणारे नाही!)

अशा शिक्षणाची परंपरा आपल्याकडे नवी नव्हे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके हेही जे. जे. स्कूल व बडोद्याचे कलाभवन येथे शिकून, चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्र्यास फोटोचा स्टुडिओ चालवीत होते.

आज मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला संस्थेत पदवीच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात छायाचित्रण हा विशेष विषय म्हणून घेता येतो, पुण्यास सिंबायोसिसचे स्वतंत्र विद्यालय आहे, आणि चलच्चित्राची ओढ असणाऱ्या पदवीधरास तेथेच फिल्म इन्स्टिट्यूटचे दार आहे. उपयोजित कलेच्या पदवीसाठी शासनाची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते व तीत रेखाटनाची कसोटी असते. सबब शाळेत एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांसाठी घोटवलेला हात वाया जात नाही.

धंद्याची कायदेशीर बाजूही विद्यार्थ्याने याच काळात आत्मसात करून घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये, मोबदला देऊन कोणी फोटो काढवून घेतला आणि उलट करार झालेला नसला, तर त्या फोटोचा प्रथम मालक तो काढणारा नसून मोबदला देणारा ठरतो. म्हणून लग्नातील एखादे चित्र आपल्या दुकानाच्या फलकावर झळकवावयाचे असेल, तर बयाणा घेतेवेळीच यजमानांची लेखी संमती घेण्याची तजवीज करावी.