वेबपृष्ठ-विश्लेषण, जावा भाषेतील

वेबपृष्ठाच्या एचटीएमएल संहितेतील खुणा (टॅग) व मजकूर वेगळे करून त्यांचे परस्परसंबंध दर्शविणारी वृक्षाकार रचना तयार करण्याच्या क्रियेस विश्लेषण (पार्सिंग) म्हणतात. व्याकरणात वाक्याचे पदविश्लेषण करतात, तशीच ही क्रिया होय. संहिता नेहमी जालावरूनच वाचली जाते असे नाही. पुष्कळदा ती आधीच संगणकाच्या स्मृतीत अक्षरमालेच्या (स्ट्रिंग) रूपात असते. ई-पत्राचा मजकूर किंवा माहितीसंचातील एखादा रकाना ही याची उदाहरणे होत.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये प्रसृत केलेल्या जावा भाषेत यासाठी अनेक साधने आहेत. भाषेसोबत मिळणारा एक्सएमएल विश्लेषक काटेकोर असून एखादी खूण बंद करावयाची राहिली, तरी तो काम थांबवितो. शिवाय त्याला नुसती अक्षरमाला दिल्यास तो तिला मजकूर न मानता फाइलीचा पत्ता समजतो. म्हणून ती स्ट्रिंगरीडर या वाचकात गुंडाळून द्यावी लागते. स्विंग या संचातील विश्लेषक सदोष संहिता चालवून घेतो, पण तो एचटीएमएलच्या ३·२ या जुन्या आवृत्तीवर बेतलेला आहे. जोनाथन हेडली यांनी २००९ मध्ये हाती घेतलेला जेसूप हा संच सर्वांत सोयीचा ठरला आहे. चुकीच्या संहितेचा अर्थ कसा लावावा याचे एचटीएमएल-५ मधील नियम तो पाळतो. त्यामुळे ब्राउझरला दिसते बहुतांशी तीच रचना त्यालाही मिळते.

अक्षरमाला हाती येईपर्यंत दोन गोष्टी मात्र मागे राहून गेलेल्या असतात. पहिली, पृष्ठाचा पत्ता. पृष्ठातील दुवे अपूर्ण लिहिलेले असल्यास मूळ पत्ता विश्लेषकाला वेगळा पुरवावा लागतो. एरवी ते दुवे निरुपयोगी ठरतात. दुसरी व मराठीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे संकेतन (एन्कोडिंग). बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूर या गावाचे नाव घेऊ. वाचकाला त्यात चार अक्षरे दिसतात. जावा मात्र काना व ऊकार स्वतंत्र धरून सहा एकके मोजते. यूटीएफ-८ या संकेतनात याच नावाला १८ बाइट लागतात. हे बाइट लॅटिन-१ समजून वाचले, तर १८ निरर्थक चिन्हांची माला तयार होते. विश्लेषकाला त्यात काहीच वावगे वाटत नाही. पृष्ठाच्या शीर्षभागात खरे संकेतन नोंदलेले असले, तरी बाइटांची अक्षरे आधीच झालेली असल्याने त्या नोंदीचा उपयोग उरत नाही. ही चूक उलट क्रियेने सुधारता येते. परंतु हेच नाव देवनागरी नसलेल्या आस्कीसारख्या संचात लिहिल्यास सहा प्रश्नचिन्हे उरतात व नाव कायमचे नष्ट होते. जावाच्या १८ व्या आवृत्तीपासून (२०२२) यूटीएफ-८ हे गृहीत संकेतन झाले. तत्पूर्वी ते संगणकाच्या मांडणीवर अवलंबून असे, त्यामुळे एकच आज्ञावली दोन यंत्रांवर वेगवेगळे फळ देई.

पृष्ठाचा तुकडाच हाती असेल, तर आणखी एक अडचण येते. सारणीतील एकच ओळ, सारणीची खूण वगळून, पूर्ण पृष्ठ म्हणून दिली, तर नियमानुसार ओळीच्या व चौकटींच्या खुणा गाळल्या जातात. मग गाव व तालुका यांचे दोन रकाने ‘उमापूरगेवराई’ असे जुळून येतात. आज्ञावली कसलीही तक्रार करीत नाही, म्हणून हा दोष बहुधा उशिरा लक्षात येतो. उपाय सोपा आहे : तुकड्याभोवती सारणीची खूण लावावी.

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीच्या कित्येक मराठी पृष्ठांत देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेल्या असत. अशा पृष्ठाचे विश्लेषण बिनचूक होऊनही मजकूर वाचता येत नाही. तेथे वृक्षाकार रचनाच कामी येते. कोणत्या भागाला कोणता टंक लावला आहे, हे टंकदर्शक खुणेवरून कळते. तेवढाच भाग त्या टंकाच्या कोष्टकानुसार युनिकोडमध्ये बदलता येतो व शेजारचा इंग्रजी मजकूर जसाच्या तसा राहतो.