गाडीच्या रंगाची चमक: घरच्या घरी धुणं, पॉलिश आणि वॅक्स

रात्री पार्किंगमध्ये जाऊन मोबाईलच्या टॉर्चचा उजेड गाडीच्या बॉनेटवर पाडून पाहावा. उजेडाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल रेघांची नक्षी दिसली, तर दिवसा गाडी निस्तेज का वाटते याचं उत्तर मिळालं. रंग उडालेला नसतो. त्यावर असंख्य बारीक चरे पडलेले असतात आणि त्यांच्यावरून प्रकाश सरळ परतण्याऐवजी वाटेल तसा विखुरतो.

हे चरे नेमके कुठे असतात, ते आधी समजून घेऊ. आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर गंज रोखणारा थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे रंग नसलेला पारदर्शक थर. चमक या शेवटच्या थराची असते. सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. क्लिअर कोट त्यातला जेमतेम 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. आपण जे काही घासणार, ते एवढ्याच जाडीतून.

म्हणून दोन शब्द पक्के लक्षात ठेवावेत. पॉलिश क्लिअर कोटचा अगदी सूक्ष्म थर घासून काढतं, त्यामुळे चऱ्यांच्या कडा सपाट होतात. वॅक्स काहीच काढत नाही. ते वर बसतं आणि काही आठवडे रंगाचं रक्षण करतं. दुकानात दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि बोलताना दोन्हींना ‘पॉलिश’च म्हटलं जातं. घोळ इथेच होतो. दर महिन्याला हौसेने ‘पॉलिश’ करणारे काहीजण प्रत्यक्षात क्लिअर कोट झिजवत असतात. वॅक्स वर्षातून चार वेळा लावलं तरी चालतं. पॉलिश मात्र दोनेक वर्षांतून एकदा, तेही गरज असेल तरच.

आता धुण्याकडे येऊ. या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. बहुतेक चरे अपघाताने पडत नाहीत, ते रोजच्या पुसण्याने पडतात. कोरड्या धुळीवर फडकं फिरवलं की धुळीतले वाळूचे कण रंगावरून ओढले जातात. सोसायटीत गाड्या पुसायला येणारे दादा एका बादलीत आणि एकाच फडक्याने दहा गाड्या पुसत असतील, तर नवव्या गाडीपर्यंत ते पाणी म्हणजे चिखलच झालेला असतो. दोष त्यांचा नाही, त्यांना मिळणाऱ्या वेळेचा आणि पाण्याचा आहे. त्यांना आपल्या गाडीसाठी दोन वेगळी मायक्रोफायबरची फडकी द्यावीत. मायक्रोफायबर म्हणजे अतिशय बारीक धाग्यांचं, धूळ स्वतःत ओढून घेणारं कापड. आणि रोज पुसू नका, आठवड्यातून दोनदा भरपूर पाण्याने धुवा, असं मोकळेपणाने सांगावं. रोज काचा तेवढ्या पुसल्या तरी पुरे.

स्वतः धुताना गाडी सावलीत घ्यावी. हाताची मागची बाजू बॉनेटला लावून पाहावी. गरम लागली तर थांबावं, कारण तापलेल्या पत्र्यावर शॅम्पू आणि पाणी लगेच वाळून डाग पाडतात. आधी नुसत्या पाण्याने धूळ आणि चिखल सैल करून वाहून जाऊ द्यावा. पाण्याची टंचाई असेल तर नळी न लावता तांब्याने वरून पाणी सोडावं, पण ही पायरी टाळू नये.

मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीच्या शॅम्पूचं पाणी आणि दुसरीत साधं. फडकं शॅम्पूत बुडवून गाडीवर फिरवायचं, साध्या पाण्यात खळबळून काढायचं आणि मगच पुन्हा शॅम्पूत घालायचं. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नये, त्याने आधीचं वॅक्स निघून जातं. सुरुवात टपापासून करून खाली यावं. दारांच्या खालच्या कडा आणि बंपर शेवटी घ्यावेत, चाकांसाठी फडकं वेगळं ठेवावं. हात सरळ रेषेत फिरवावा. फडकं जमिनीवर पडलं तर त्या दिवशी ते गाडीला लावू नये; झटकून घेतलं तरी खडे धाग्यांत अडकलेले राहतात.

पाणी आपोआप वाळू देणं ही दुसरी नेहमीची चूक. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. पाणी उडून जातं, क्षार मागे उरतात आणि पांढरट गोल डाग पडतात. त्यामुळे मोठं कोरडं मायक्रोफायबर पसरून, अलगद ओढत पाणी टिपून घ्यावं. ताजे डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून, ओल्या फडक्याने मिनिटभर दाबून धरले की बहुधा सुटतात. नंतर ती जागा स्वच्छ धुवावी. जुने डाग क्लिअर कोटमध्ये उतरलेले असतात, त्यांना पॉलिशच लागतं.

गाडी कोरडी झाली की हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रंगावरून हळूच फिरवावा. पिशवीमुळे बोटांना बारीकसा खरखरीतपणाही जाणवतो. खरखर लागली तर रंगात ब्रेकचे लोखंडी कण, झाडाचा चीक किंवा शेजारच्या बांधकामावरून उडालेला रंग चिकटून बसलेला आहे. तो काढायला क्ले बार मिळतो, म्हणजे चिकणमातीसारखी मऊ वडी. ती चपटी करून, रंगावर शॅम्पूचं पाणी भरपूर ठेवून, दाब न देता फिरवायची. मळकी झाली की घडी घालून स्वच्छ बाजू वर घ्यायची. ही वडी खाली पडली तर मात्र टाकूनच द्यावी. हात गुळगुळीत फिरत असेल, तर ही सगळी पायरी सोडून द्यावी.

आता पॉलिश खरंच हवं का, ते ठरवू. चऱ्यावरून नख आडवं फिरवावं. नख अडकलं तर चरा खोल आहे. घासून तो जाणार नाही, उलट भोवतालचा क्लिअर कोट जाईल. तिथे टच-अपचा रंग भरावा किंवा पेंटरकडे जावं. टपावर किंवा बॉनेटवर पांढरट पापुद्रे सुटू लागले असतील, तर क्लिअर कोटच निघाला आहे, त्यावर पॉलिशचा काही उपयोग नाही. आणि गाडी किंवा बाईक मॅट रंगाची, म्हणजे मुद्दाम चमक नसलेली असेल, तर पॉलिश आणि चमक आणणारं वॅक्स दोन्ही लावू नये. त्या रंगावर चकचकीत चट्टे पडतात आणि ते पुन्हा मॅट करता येत नाहीत.

पॉलिश करायचं ठरलं, तर सर्वांत सौम्य बाटलीपासून सुरुवात करावी. रबिंग कंपाउंडमध्ये घासणारे कण जाड असतात. ते घरी शक्यतो उघडूच नये. काळं प्लॅस्टिक, रबर आणि पत्र्याच्या धारदार कडा मास्किंग टेपने झाकाव्यात. कडांवर रंग पातळ असतो आणि पहिल्यांदा तिथूनच उघडा पडतो.

दारावर दीड फूट लांब-रुंद जागा निवडून आधी तेवढीच करून पाहावी. स्पंजच्या पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब घेऊन, मध्यम दाबाने, एकावर एक पट्टे येतील असं फिरवावं आणि स्वच्छ फडक्याने पुसून टॉर्च मारावा. पॉलिशमधलं तेल चऱ्यांत भरून काही काळ ते झाकतं, म्हणून निम्मं पाणी घातलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती जागा पुसली की खरा निकाल दिसतो. समाधान झालं तरच पुढे जावं. पुसलेल्या फडक्यावर गाडीचाच रंग येऊ लागला तर हात थांबवावा. काही जुन्या किंवा साध्या रंगाच्या गाड्यांना क्लिअर कोट नसतो, तिथे असा रंग येणारच; पण क्लिअर कोट असलेल्या गाडीवर तो आला, तर आपण खालच्या थरापर्यंत पोचलो आहोत.

मशीन वापरायचंच असेल तर ड्युअल अ‍ॅक्शन घ्यावं, ज्याचं पॅड फिरताना डोलतंही. नुसतं गरगर फिरणारं रोटरी मशीन एका जागी उष्णता साठवून रंग जाळू शकतं, नवख्या हातात ते देऊ नये.

वॅक्स लावणं त्यामानाने आनंदाचं काम आहे. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळतं. आपल्या उन्हात ते काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकतं. कारखान्यात तयार होणारं सीलंट, म्हणजे कृत्रिम संरक्षक लेप, त्याहून जास्त टिकतं. दोन्हींचा थर शक्य तितका पातळ हवा. जाड थराने संरक्षण वाढत नाही, फक्त पुसायला त्रास होतो. वॅक्स धुरकट झालं की बोट ओढून पाहावं. खाली स्वच्छ चमक दिसली तर पुसायला घ्यावं, फराटा उमटला तर अजून थांबावं. पुढच्या काचेवर वॅक्स लावू नये, पावसात वायपर तिथे पाणी नीट पुसत नाहीत. नुकत्याच रंगवलेल्या भागाला वॅक्स कधी लावायचं ते पेंटरला विचारावं. रंग पूर्ण सुकायला साधारण महिना-दोन महिने लागतात.

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे सिलिका असलेला कडक लेप, जास्त टिकतं. पण त्याखाली राहिलेले चरेही तसेच टिकतात आणि पुसायचा राहिलेला थेंब वाळला तर घासूनच काढावा लागतो. पहिल्याच खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

पक्ष्यांची विष्ठा दिसली की त्याच दिवशी काढावी. ती आम्लयुक्त असते आणि उन्हात क्लिअर कोट कोरते. खरवडू नये, ओलं फडकं पाच मिनिटं ठेवून, भिजल्यावर उचलून घ्यावी. दसऱ्याला बॉनेटवर लावलेलं हळदकुंकू दुसऱ्या दिवशी पाण्याने धुवावं, कोरडं पुसू नये. झेंडूच्या हाराची तार किंवा दोरा वाऱ्याने पत्र्यावर घासणार नाही, असा बांधावा. कोकणात समुद्राजवळ राहत असाल तर खारा थर साचू न देता आठवड्याला एकदा तरी गोड्या पाण्याने धुणं गरजेचं आहे.

कव्हर फक्त धुतलेल्या, कोरड्या गाडीवरच घालावं. धुळीने माखलेल्या गाडीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने हलत राहतं आणि रात्रभर गाडी घासत बसतं. रोज धुणं जमत नसेल, तर कव्हर न घालता गाडी नुसती सावलीत उभी केलेली बरी. फक्त सावली झाडाची असेल, तर ते झाड मोहोर आलेल्या आंब्याचं नसावं, कारण मोहोरावरच्या तुडतुड्यांचा चिकटा खाली गाडीवर पडतो.