ऐरोलीकरांनो, एका दिवसाचं बेट हवंय? घारापुरी!

युरोपातली माणसं थंडी चुकवायला अटलांटिकमधल्या मदेरा, कॅनरी बेटांवर जातात. ऊब आपल्याकडे भरपूर आहे; तुटवडा आहे तो शांततेचा. तीही घारापुरीला मिळते, फक्त गर्दीच्या पुढे चालायची तयारी हवी.

कसं जायचं? ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने वाशी, तिथून हार्बर लाइनने सीएसएमटी आणि पुढे गेटवे. बोटीला साधारण तासभर लागतो.

काय पाहायचं? शंभरावर पायऱ्या चढून मुख्य लेणं. आतली त्रिमूर्ती, म्हणजे सदाशिव, सुमारे साडेपाच मीटर उंच आहे. १९८७ पासून ही लेणी जागतिक वारसा यादीत आहेत. सोमवारी बंद!

बहुतेक जण इथूनच परततात. तुम्ही तोफांच्या टेकडीवर चढा किंवा मोराबंदरच्या बाजूला वळा. तिकडे झाडी, खारफुटी आणि निवांतपणा. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर ही बेटावरची तीन गावं. मुंबई समोर लखलखत असूनही इथे कायमची वीज आली ती २०१८ मध्ये, समुद्राखालच्या केबलने.

पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून 'एलिफंटा' म्हटलं, तो आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

लक्षात ठेवा:
✅ नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पावसाळ्यात बोटींचा भरवसा नाही
✅ सकाळची पहिली बोट गाठा
✅ माकडांसमोर खाऊ काढू नका
✅ पर्यटकांना मुक्काम करता येत नाही, शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच विचारा

#घारापुरी #ऐरोली #भटकंती