मागचा भाग बी साताऱ्यालाच जातोय!

तुमच्यातले बरेच जण हा एपिसोड एसटीत, पीएमटीत नाहीतर लोकलमध्ये ऐकत असणार. म्हणून आजचा विषय गाडीतलाच घेतलाय. खचाखच भरलेल्या बसमध्ये एखादा कंडक्टर हसत-खेळत काम करतो, तेव्हा तो नेमकं काय करत असतो? आपण म्हणतो, "स्वभावच तसा असेल." मला विचाराल तर त्यात स्वभाव थोडा आणि कसब जास्त असतं.

आधी त्याचं काम बघू. एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं आणि एक टप्पा 6 किलोमीटरचा असतो. चढलेल्या प्रत्येकाचं तिकीट वेळेत काढायचं. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना मोफत, मार्च 2023 पासून बायकांना अर्धं, हे सगळं ध्यानात ठेवायचं. थांबायला एक बेल, निघायला दोन. शेवटी मशीनमधला आकडा आणि बॅगेतली रोकड जुळली पाहिजे. आणि हे सगळं हलत्या गाडीत, उभ्यानं!

मध्यंतरी वाई-सातारा गाडीत असेच एक कंडक्टर काका भेटले. पाचवडला गर्दी चढली आणि सगळी दारापाशीच तुंबली. काका ओरडले नाहीत. म्हणाले, "मागं सरका की मंडळी, मागचा भाग बी साताऱ्यालाच जातोय!" लोक हसले आणि सरकले. एका आजींनी अर्ध्या तिकिटाला पाचशेची नोट काढली. काका म्हणाले, "आजी, एवढ्यात तर गाडीच तुमच्या नावावर करावी लागंल." आजींनी हसत कमरेची पिशवी सोडली आणि सुट्टे काढून दिले.

मला तीस रुपये परत यायचे होते, शेजारच्या पोराला वीस. काकांनी पन्नासची एकच नोट माझ्या हातात ठेवली. "साताऱ्यात उतरल्यावर दोघांनी चहा घ्या, सुट्टं आपोआप होतंय." आम्ही खरंच स्टँडवर चहा घेतला. पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता. काकांनी सुट्ट्यांचा घोळ मिटवला आणि जाता जाता दोन अनोळखी माणसांची ओळखही करून दिली.

आता नीट बघा, काकांचा एकही विनोद वाया गेलेला नाही. पहिल्यानं वाट मोकळी झाली, दुसऱ्यानं सुट्टे निघाले, तिसऱ्यानं हिशोब मिटला. हेच काम दरडावूनही होतं, पण दरडावलेला माणूस उलट बोलतो आणि भांडणात दोन टप्पे निघून जातात.

हे कसब किती मोठं असू शकतं? जॉनी वॉकर आठवतात ना? खरं नाव बद्रुद्दीन काझी. ते मुंबईत बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर होते आणि प्रवाशांना हसवायचे. बलराज साहनींच्या ते नजरेत भरले, पुढे गुरुदत्तशी गाठ पडली आणि 1951 च्या 'बाजी'त ते पडद्यावर आले.

पण याला दुसरी बाजू आहे. आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 च्या पुस्तकात विमानातल्या हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास मांडला. नोकरीसाठी चेहरा हसरा ठेवणं, मनातला राग गिळणं, यालाही श्रम पडतात. त्यांनी त्याला 'इमोशनल लेबर' म्हटलं, म्हणजे भावनिक श्रम. पाय दुखतात तसं मनही थकतं. त्यामुळे काका हसवतात ही त्यांची देणगी समजा. एखादे काका गप्प असले, तर "कसले खडूस आहेत" म्हणायच्या आधी त्यांची ही कितवी फेरी असेल याचा विचार करा.

आणि आपण काय करायचं? तुर्कस्तानात अंकारा शहरात शटल बसच्या प्रवाशांवर एक प्रयोग झाला. काहींना सांगितलं, ड्रायव्हरला नमस्कार करा, आभार माना, शुभेच्छा द्या. ज्यांनी हे केलं, त्यांना न बोलणाऱ्यांपेक्षा जास्त बरं वाटलं. म्हणजे दोन शब्द बोलले, तर फायदा आपलाही आहे!

तेव्हा सोपं काम सांगते. काका जवळ आले की एका कानातला इयरबड काढा. पॉज केलात तरी मी रागवणार नाही! थांब्याचं नाव स्पष्ट सांगा, सुट्टे किंवा यूपीआय तयार ठेवा. आणि उतरताना "येतो काका", "येते ताई" एवढं म्हणा. गाडी डबल बेलवर निघून जाईल, पण तुमचा शब्द त्यांच्याबरोबर पुढच्या थांब्यापर्यंत नक्की जाईल.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. मागं सरका, जागा आहे!