नायक नीट का चालत नाही?

गेम बनवायला शिकणाऱ्यांची पहिली ठेच बहुधा एकाच जागी लागते. बाणाचे बटण दाबले की नायक सरकतो. पण दुसऱ्या संगणकावर तोच सुसाट पळतो, उडीचे बटण कधी चालते, कधी नाही, आणि भिंतीशी गेला की तो थरथरतो किंवा आरपार निघून जातो. नवखा मग वेगाचा आकडा बदलत बसतो, नाहीतर कुठून तरी दुसरी स्क्रिप्ट आणून चिकटवतो. दोन्ही उपाय सहसा फुकट जातात, कारण या तिन्ही तक्रारींचे मूळ गेममधली वेळ कशी मोजली जाते, यात आहे.

युनिटी या लोकप्रिय इंजिनाचे उदाहरण घेऊ. तिथे ‘अपडेट’ हे फंक्शन प्रत्येक फ्रेमला एकदा चालते. दर फ्रेमला नायक ०.१ एकक सरकवला, तर सेकंदाला ३० फ्रेम काढणाऱ्या संगणकावर तो ३ एकके चालेल आणि १४४ फ्रेम काढणाऱ्यावर १४.४. स्क्रिप्ट तीच, वेग जवळजवळ पाचपट. म्हणून वेगाला ‘डेल्टाटाइम’ने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने गुणायचे असते. धडक, गुरुत्वाकर्षण वगैरे भौतिकीचा हिशेब मात्र वेगळ्या घड्याळावर चालतो. ‘फिक्स्डअपडेट’ मुळात दर ०.०२ सेकंदाला, म्हणजे सेकंदाला ५० वेळा धावते. ‘बटण आत्ताच दाबले’ ही खबर एकाच फ्रेमपुरती खरी असते. ती ‘फिक्स्डअपडेट’मध्ये तपासली, तर १४४ फ्रेमच्या संगणकावर तीनातल्या जवळपास दोन उड्या हरवतात. खबर ‘अपडेट’मध्ये टिपून ठेवावी आणि उडीचा जोर ‘फिक्स्डअपडेट’मध्ये द्यावा. भिंतीचेही तसेच. नायकाची जागा थेट बदलली, तर भौतिकीला न विचारता तो उचलून ठेवला जातो. पुढच्या हिशेबात ती त्याला मागे ढकलते आणि थरथर सुरू होते. एका फ्रेममधले हे सरकणे लांबचे असेल, तर पातळ भिंत मध्ये होती हे तिला कळतही नाही.

यावर कोणी म्हणेल, एवढे कशाला शिकायचे? तयार स्क्रिप्ट मिळतात, हल्ली एआयही लिहून देते. तयार साहित्य वापरण्यात गैर काहीच नाही. पण ते आपल्या गेममधल्या घड्याळाशी जुळते का, हे ओळखावे आपल्यालाच लागते. गोडो इंजिनाचे ‘मूव्ह अँड स्लाइड’ वेळेचा हिशेब स्वतःच करते. युनिटीतली सवय म्हणून तिथेही वेगाला डेल्टाने गुणले, तर नायक मुंगीच्या पावलांनी चालतो. एका ठिकाणचे औषध दुसरीकडे असे बाधते. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: फ्रेमवर विसंबलेले गेमही गाजलेच ना? १९७८च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये दर फ्रेमला एकच शत्रू सरकत असे, ५५ जणांची फौज कमी होई तसतशी ती आपोआप वेगवान होई आणि रंगत वाढे. खरे आहे, पण ते यंत्र सगळीकडे सारखेच होते. आजचा गेम स्वस्त फोनपासून महागड्या संगणकापर्यंत कुठेही चालतो.

म्हणून दुरुस्तीआधी मोजणी हवी. फ्रेमदर मुद्दाम ३० वर बांधा, मग मोकळा सोडा. वेग बदलला, तर चूक वेळेच्या हिशेबात आहे. दोन्हीकडे सारखा राहिला, पण तिरके जाताना सुमारे ४१ टक्के वाढला, तर घड्याळ निर्दोष आहे; आडवा आणि उभा असे दोन वेग एकत्र आले आहेत आणि दिशेची लांबी १ वर आणायची राहिली आहे. उडी हुकत असेल, तर बटणाची खबर आणि ‘पाय जमिनीवर आहेत का’ याचे उत्तर, दोन्ही कन्सोलवर छापून पाहा. कोणते खोटे बोलते ते लगेच दिसेल. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि आकडे पाहिल्याशिवाय स्क्रिप्टच्या एकाही ओळीला हात लावू नका.