शिवरंजनी वाजवणारा पाहुणा

रेडिओचा कान पिळला की आधी खरखर, मग तंबोरा, मग व्हायोलिनवरची ती धून. ती वाजली की आजी म्हणायची, "ऊठ रे, दूधवाला येईल आता." वंदे मातरम्, बातम्या, बाजारभाव, सगळं त्यानंतर. शिवरंजनीच्या वळणाची ही आकाशवाणीची धून कुण्या पंडितजींची असणार, असंच आम्ही नांदेड-लातूरवाले धरून चाललो होतो.

निघाला कोण, तर वॉल्टर काउफमान! ज्यू संगीतकार, जन्म १९०७, गाव कार्ल्सबाड, आजच्या चेक प्रजासत्ताकातलं. बायको कोण? कादंबरीकार फ्रांझ काफ्काची भाची.

प्रागला याचा प्रबंध तयार होता. पण प्राध्यापक नाझींच्या युवक संघटनेचा पुढारी आहे हे कळलं आणि गड्यानं पदवीच नाकारली. (गाइडच्या घरची भाजी आणून पीएच.डी. मिळवणाऱ्यांनी ही ओळ वाचली नाही तरी चालेल.)

१९३४ मध्ये तो मुंबईत उतरला. का? व्हिसा पटकन मिळाला म्हणून! आपल्या संगीताच्या रेकॉर्डी पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्याला काही म्हणजे काही उमगलं नव्हतं. पण एवढी माणसं यावर जीव टाकतात म्हणजे खोट आपल्याच कानात असणार, हे त्यानं ताडलं. पुढं याच माणसानं उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, १९६८ मध्ये.

मुंबईत आल्या आल्या त्यानं बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. दर गुरुवारी मैफल. मे १९३७ पर्यंत १३६ मैफली! साथीला व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे ऑर्केस्ट्रा-संचालक झुबिन मेहतांचे वडील. मग काउफमान झाला आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख. रेडिओसाठी ऑपेराही रचला. नाव 'अनसूया'. आम्हाला लगेच माहूरगडावरचं अनसूया शिखर आठवलं, बाकी संबंध काही नाही.

खरी गंमत पुढंच. काउफमान मुंबईत होता तेव्हा आपण निजामाच्या राज्यात, आणि निजामाचा रेडिओ वेगळा, डेक्कन रेडिओ. हैदराबाद आणि औरंगाबादची केंद्रं आकाशवाणीकडे आली १९५० मध्ये. म्हणजे धून हक्कानं आपल्या मुलखात आली तेव्हा धूनवाला कॅनडातल्या विनिपेगला, उणे तीसच्या थंडीत ऑर्केस्ट्रा चालवत होता.