शिक्षा झाली म्हणजे एजंटाची नोंदणी गेली?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात घर घेणारा माणूस बहुतेक वेळा आयुष्यात पहिल्यांदाच घर घेत असतो. मुंबईचा भाव परवडत नाही, ठाण्याचाही नाही, म्हणून तो लोकलने पुढे पुढे येतो. स्टेशनबाहेर त्याची पहिली गाठ बिल्डरशी पडत नाही, इस्टेट एजंटाशी पडते. तोच फ्लॅट दाखवतो, तोच टोकन घेतो, आणि व्यवहार फसला तर सगळ्यात आधी त्याचाच फोन बंद होतो. गुन्हा दाखल होतो, खटला उभा राहतो, क्वचित शिक्षाही होते. मग लोक गृहीत धरतात की आता हा माणूस धंद्यातून बाद झाला. इथेच गैरसमजांची सुरुवात होते, आणि त्यांची किंमत पुढचं गिऱ्हाईक मोजतं.

गैरसमज : न्यायालयाने दोषी ठरवलं की एजंटाची महारेरा नोंदणी आपोआप रद्द होते.

महारेरा, म्हणजे राज्याचं स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, असं आपोआप काही करत नाही. हा समज बहुधा आमदार-खासदारांच्या बातम्यांवरून आला आहे. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की लोकप्रतिनिधी अपात्र ठरतो, हे आपण ऐकून असतो. कंपनीच्या संचालकालाही तसा नियम आहे: सहा महिने किंवा अधिक शिक्षा झाली तर ती भोगून झाल्यावर पाच वर्षं उलटेपर्यंत संचालक होता येत नाही. वकिली कायद्यात नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला सनद नाकारण्याची तरतूद आहे. स्थावर संपदा कायदा, म्हणजे आपण ज्याला ‘रेरा’ म्हणतो तो २०१६ चा कायदा, एजंटाबाबत असं काही म्हणत नाही. त्याच्या कलम ९(७) मध्ये नोंदणी रद्द किंवा स्थगित करण्याची दोनच कारणं आहेत. एक, एजंटाने नोंदणीच्या अटी किंवा कायदा-नियम मोडले. दुसरं, नोंदणीच मुळात खोटी माहिती देऊन किंवा फसवणुकीने मिळवली. दोन्हींत आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. ‘फौजदारी शिक्षा’ हे वेगळं कारण त्या कलमात नाही.

मग दोषी एजंटाला काहीच होत नाही का? होतं, पण कोणीतरी ते महारेरासमोर नेलं तर. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे नोंदणीचा अर्ज करताना एजंटाला स्वतःवरच्या, आणि फर्म किंवा कंपनी असेल तर भागीदार-संचालकांवरच्या, प्रलंबित दिवाणी व फौजदारी खटल्यांची माहिती द्यावी लागते. खटला चालू असताना कोणी तो लपवून नोंदणी घेतली असेल, तर ‘खोटी माहिती देऊन मिळवलेली नोंदणी’ हे दुसरं कारण थेट लागू करता येतं. आणि ज्या कृत्याबद्दल शिक्षा झाली, तेच कृत्य बहुतेकदा कलम १० चाही भंग असतं: नोंदणी नसलेल्या प्रकल्पातला फ्लॅट विकणं, नसलेल्या मंजुरीची थाप मारणं, हिशेबाची कागदपत्रं न ठेवणं, बुकिंगच्या वेळी गिऱ्हाइकाला मिळायला हवी ती माहिती दडवणं. शिक्षेचा निकाल हा त्या भंगाचा पुरावा म्हणून मांडता येतो. तो निकाल स्वतःहून महारेराच्या कार्यालयापर्यंत चालत जात नाही, इतकंच.

माझ्या मते ही आपल्या कायद्यातली उघडी फट आहे. ब्रिटनमध्ये १९७९ च्या इस्टेट एजंट कायद्यानुसार फसवणूक, अप्रामाणिकपणा किंवा हिंसेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला हा धंदा करायलाच मनाई करणारा आदेश काढता येतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात दलालाच्या कामाशी संबंध असलेल्या गुन्ह्यातली शिक्षा हे परवान्यावर कारवाईचं कारण आहे, आणि दोषी ठरल्यावर तीस दिवसांत ते परवाना खात्याला कळवणं त्या दलालावर बंधनकारक आहे. आपल्याकडे नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. नोंदणीनंतर लागलेली शिक्षा एजंटाने ठरावीक मुदतीत कळवलीच पाहिजे, एवढा एक नियम आणला तरी बरंच काम होईल.

गैरसमज : आधी केस जिंकावी लागते, मगच महारेराकडे जाता येतं.

हा सगळ्यात घातक समज. फसवणुकीचा खटला वर्षानुवर्षं चालतो, तोवर तोच एजंट तोच बोर्ड लावून बसलेला असतो. महारेराची तक्रार आणि पोलिसांतला गुन्हा या दोन स्वतंत्र वाटा आहेत. एकीवर चालताना दुसरी बंद होत नाही. कलम ३१ खाली बाधित व्यक्तीला एजंटाविरुद्ध ऑनलाइन तक्रार करता येते, त्याचं शुल्क ५,००० रुपये आहे. चौकशी चालू असताना एजंटाला ते कृत्य थांबवायला लावणारा अंतरिम आदेश देण्याचा अधिकार कलम ३६ ने प्राधिकरणाला दिला आहे. कलम ९ किंवा १० मोडल्याबद्दल रोज १०,००० रुपये दंड होऊ शकतो आणि तो त्या घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. नियामक कारवाईत पुराव्याचं माप इतकं कडक नसतं. म्हणून संशयाचा फायदा मिळून सुटलेल्या एजंटावरही महारेराची कारवाई होऊ शकते.

उलट बाजूही तितकीच खरी. नुसता गुन्हा दाखल झाला किंवा अटक झाली म्हणून कोणी दोषी ठरत नाही. व्हॉट्सअॅपवर एजंटाचा फोटो फिरवून त्याला चोर ठरवणं हा न्याय नव्हे.

गैरसमज : हा पैशांचा वाद आहे, पोलीस ‘दिवाणी मामला’ म्हणूनच परत पाठवणार.

कधी तो खरंच दिवाणी वाद असतो. पण एकच फ्लॅट तिघांना दाखवून तिघांकडून पैसे घेणं हा दिवाणी वाद नाही. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहितेचं कलम ४२० लागतं, त्यानंतरच्यांना भारतीय न्याय संहितेचं ३१८(४). दोन्हींत कमाल सात वर्षं. विश्वासाने सोपवलेली रक्कम गिळणाऱ्यासाठी त्याहून कडक कलम आहे: जुनं ४०९, नवं ३१६(५). त्यात सरकारी नोकर आणि बँकर यांच्या रांगेत ‘दलाल’ आणि ‘एजंट’ हेही आहेत, आणि कमाल शिक्षा जन्मठेप. तक्रार लिहिताना हे कलम लक्षात असू द्या.

गैरसमज : एजंटाकडे गुमास्ता आहे, रेरा नंबरही आहे, म्हणजे माणूस स्वच्छ.

गुमास्ता म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंद. २०१७ च्या कायद्यानंतर थोडे कामगार असलेल्याला तर फक्त कळवावं लागतं. त्याचा घरं विकण्याच्या पात्रतेशी संबंध नाही. महारेराची नोंदणी व्यक्तीला १०,००० रुपये शुल्कात पाच वर्षांसाठी मिळते. २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. त्या परीक्षेत कायद्याचं ज्ञान तपासलं जातं, चारित्र्य नाही. २०२४ मध्ये सुमारे वीस हजार एजंटांची नोंदणी स्थगित झाली, ती हे पात्रता प्रमाणपत्र न मिळवल्यामुळे. तेव्हा संकेतस्थळावर ‘स्थगित’ दिसलं म्हणून तो गुन्हेगार असं समजू नका. मात्र त्याच्याशी व्यवहारही करू नका.

प्रकल्पाच्या नोंदणीचंही तसंच. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या बिल्डरांनी महापालिकेच्या बनावट परवानग्या लावून महारेराचे क्रमांक मिळवले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तिथे राहणाऱ्यांनीही नंबर पाहूनच घर घेतलं होतं.

गैरसमज : फसवणूक कसलीही असो, रेरा आहेच.

नाही. एजंटाची रेरा नोंदणी प्रकल्पातल्या विक्रीपुरती आहे. भाड्याचा व्यवहार तिच्यात येत नाही, जुन्या इमारतीतली फेरविक्रीही नाही. आपल्या तिन्ही गावांत हे फार मोठं क्षेत्र आहे. उल्हासनगरच्या कॅम्पांत बरेचसे व्यवहार जुन्या इमारतींतले. तिथल्या बेकायदा बांधकामांसाठी तर २००६ मध्ये राज्याला वेगळा नियमितीकरण कायदा करावा लागला. अंबरनाथ-बदलापुरात ‘हेवी डिपॉझिट’वर, म्हणजे भाड्याऐवजी मोठी अनामत देऊन, घर घेणारी कुटुंबं कमी नाहीत. दोन-तीन लाख एकरकमी एजंटाच्या हाती, आणि महिन्याभरात खरा मालक दारात, अशी फसवणूक झाली तर पोलीस, दिवाणी न्यायालय आणि ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग एवढेच दरवाजे उरतात. त्या एजंटाकडे नवीन प्रकल्पांसाठी घेतलेला रेरा नंबर असला, तरी हा व्यवहार त्या छताखाली येत नाही.

टोकनच्या पावतीबद्दल थोडं सविस्तर, कारण पुढे सगळं तिच्यावर ठरतं. बदलापुरात आजही वहीतलं पान फाडून ‘५१,००० मिळाले’ एवढं लिहून दिलं जातं. फ्लॅटचा नंबर नाही, कोणाच्या वतीने घेतले ते नाही, सही वाचता येत नाही. खरं तर नोंदणीकृत एजंटाने आपलं लेटरहेड, रबरी शिक्का आणि पावतीचा नमुना अर्जासोबतच द्यायचा असतो. त्यामुळे शिक्का आणि नोंदणी क्रमांक असलेल्या पावतीचाच आग्रह धरा. ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या प्रकल्पांचे क्रमांक ‘पी५१७’ने आणि एजंटांचे ‘ए५१७’ने सुरू होतात. कार्डावर प्रकल्पाचाच क्रमांक छापून तो स्वतःचा म्हणून दाखवणारा एजंट दिसला, तर तिथूनच परत फिरा. रक्कम एजंटाच्या खात्यात नको, चेक प्रकल्पाच्या खात्याच्या नावे लिहा. आणि नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे त्याला सांगायला कचरू नका.

ज्यांच्या एजंटाला खरोखर शिक्षा झाली आहे, त्यांना एक विनंती. न्यायालयातून निकालाची प्रमाणित प्रत घ्या आणि ती जोडून महारेराकडे लेखी तक्रार करा. त्याने अर्जात खटला लपवला होता का, याची चौकशी व्हावी, अशी मागणी त्यात स्पष्ट लिहा. तुमचे पैसे कदाचित या तक्रारीने परत येणार नाहीत. पण हा निकाल महारेराला तुम्ही कळवला नाही, तर दुसरं कोणी कळवेल याची खात्री नाही.